रेवसच्या धक्क्यावरून कोर्लईच्या माउलीकडे : पायी भेट आणि घरचा मुक्काम

पुनरुत्थानाच्या दिवशी दोन शिष्य खिन्न मनाने एम्माउस गावाकडे चालले होते. वाटेत एक अनोळखी सोबती त्यांना मिळाला. त्याने चालता चालता त्यांना शास्त्रलेखांचा अर्थ उलगडून सांगितला. संध्याकाळ झाली तेव्हा शिष्यांनी त्याला आग्रहाने आपल्याकडे मुक्कामास ठेवून घेतले आणि भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडले. संत लूकच्या शुभवर्तमानातील हा प्रसंग आपण पुनरुत्थानकाळात दरवर्षी ऐकतो. त्या प्रसंगात तीन गोष्टी आहेत : पायी चालणे, जाणत्याने वाट समजावून सांगणे आणि पाहुण्याला घरी ठेवून घेणे. आज जगभरातील ऐतिहासिक नगरांत ज्याला मार्गदर्शकासह पायी सहल आणि घरगुती निवास म्हणतात, त्याचे मूळ याच तीन गोष्टींत शोधता येईल.

आपल्या रायगड किनाऱ्यावर अशा भेटीसाठी अत्यंत योग्य अशी एक वाट आहे. ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघते, रेवस बंदराला लागते आणि अलिबाग, चौल, रेवदंडा असे टप्पे घेत कोर्लईच्या माउंट कार्मेल मातेच्या चर्चपाशी पोहोचते. मुंबई-वसईच्या कित्येक कुटुंबांनी अलिबागचा समुद्रकिनारा पाहिला आहे, परंतु या वाटेवरील आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेच्या खुणा फार थोड्यांनी पाहिल्या आहेत. ही भेट कशी घडवावी, वाटेत काय पाहावे आणि यजमान व पाहुणे या दोघांनीही कोणती पथ्ये पाळावीत, याचा विचार या लेखात केला आहे.

रेवसची जलवाट

रेवस हे अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाला, धरमतर खाडीच्या मुखाशी वसलेले बंदर आहे. पलीकडच्या तीरावर उरण तालुक्यातील करंजा दिसते. हल्ली बहुतेक पर्यटक गेट वे ऑफ इंडियावरून मांडव्याला उतरतात. २०२० च्या मार्च महिन्यापासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी वाहने नेणारी रो-रो सेवाही सुरू झाली. तथापि कोकणी माणसाची जुनी वाट म्हणजे रेवसची लाँच. कोळी भगिनींच्या टोपल्या, गावी निघालेली कुटुंबे आणि बाजारहाटाचे सामान घेऊन जाणारी ही लाँच आपल्याला पर्यटकाच्या भूमिकेतून सहप्रवाशाच्या भूमिकेत आणते. खाडीच्या मुखाशी गाळ साचतो, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची चौकशी करावी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना या वाटेचा आग्रह धरू नये.

याच जलवाटेवर १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' ही आगबोट बुडाली. गटारी अमावास्येचा दिवस होता. सणासाठी गावी निघालेले शेकडो कोकणवासी त्या बोटीवर होते. बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि वाटेत वादळी लाटांनी कलंडली. सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रेवस, अलिबाग आणि आसपासच्या गावांतील कितीतरी घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही. स्वातंत्र्याच्या आनंदाला महिनाही उरला नसताना कोकणावर हे दुःख कोसळले. आपला गट लाँचमध्ये असेल तर त्या मृतांसाठी एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणावे. ते कोणत्या धर्माचे होते हे विचारण्याचे कारण नाही. यात्रेचा आरंभ प्रार्थनेने व्हावा, याहून उचित दुसरे काय असणार ?

रेवसहून एस.टी.ने किंवा रिक्षाने अलिबाग गाठता येते. तेथून रेवदंडा दक्षिणेस सुमारे सतरा किलोमीटरवर आहे. दोन्ही बाजूंनी नारळी-पोफळीच्या वाड्या लागू लागल्या की चौल जवळ आले असे समजावे.

चौल : बंदर आणि त्याचा इतिहास

आज लहानसे दिसणारे हे गाव प्राचीन काळी पश्चिम किनाऱ्यावरील एक थोर बंदर होते. ग्रीक भूगोलवेत्त्यांनी त्याचा उल्लेख केला आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल मसूदी येथे येऊन गेला. पंधराव्या शतकात, १४६९ च्या सुमारास, रशियाच्या त्वेर नगरातील व्यापारी अफानासी निकितीन चौलला उतरला. तो ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता. प्रवासात त्याची धर्मपुस्तके लुटली गेली. त्यामुळे उपवासकाळ केव्हा आणि पुनरुत्थानाचा सण केव्हा हेच आपल्याला कळेनासे झाले, अशी व्यथा त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली आहे. परमुलखात एकट्या पडलेल्या या ख्रिस्ती माणसाची व्यथा आपल्याला आजही स्पर्श करते. रेवदंड्यात त्याच्या स्मरणार्थ एक स्तंभ उभारलेला आहे.

मार्च १५०८ मध्ये चौलच्या समुद्रात इजिप्त व गुजरातच्या आरमारांशी पोर्तुगीजांचे युद्ध झाले. पहिल्या व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा त्यात मारला गेला. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीच्या संमतीने पोर्तुगीजांनी येथे प्रथम वखार आणि १५२१ नंतर किल्ला बांधला. खाडीच्या मुखाशी वसलेले त्यांचे तटबंदीचे नगर म्हणजे आजचे रेवदंडा. त्याच्या उत्तरेस निजामशाहीच्या अमलाखालील जुने चौल होते. १५७० मध्ये निजामशाही फौजेने पोर्तुगीज नगराला वेढा घातला. त्याच वेळी आदिलशाही फौज गोव्यावर चालून गेली होती. चौलचा वेढा १५७१ मध्ये उठला.

१५९४ मध्ये निजामशाहीने खाडीपलीकडील कोर्लईच्या डोंगरावर किल्ला बांधावयास घेतला. पोर्तुगीजांनी त्याच वर्षी तो जिंकला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पुढील वर्षी, १७४० च्या तहानुसार, चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात आले. वसईच्या वाचकाला हा इतिहास परका वाटणार नाही. एकाच लाटेने दोन्ही नगरांचे भवितव्य बदलले.

रेवदंड्याची पायी फेरी

रेवदंड्याचा कोट वाहनात बसून पाहता येत नाही. अलिबागहून येणारा रस्ता जुन्या तटाला छेदून आत शिरतो आणि आपण किल्ल्यात आलो हे गाडीतील प्रवाशाला कळतही नाही, कारण किल्ल्याच्या आत घरे, शाळा आणि वाड्या असे नांदते गाव आहे. अवशेष याच वाड्यांतून विखुरलेले आहेत. ते पाहण्यासाठी पायीच फिरावे लागते आणि वाटा जाणणारा स्थानिक माणूस सोबत असावा लागतो. फेरीला दोन ते अडीच तास पुरतात. उन्हे कलल्यावर निघावे.

सर्वांत आधी लक्ष वेधून घेतो तो सातखणी मनोरा. गावकरी त्याला सातखणी म्हणत असले तरी आज त्याचे सर्व मजले शिल्लक नाहीत. हा मनोरा फ्रान्सिस्कन धर्मसंघीयांच्या संत बार्बाराच्या चर्चचा घंटाघर होता. समुद्रावरून येणाऱ्या खलाशाला तो दुरून दिसत असे. याखेरीज डोमिनिकन मठ व चर्च, येशूसंघीयांचे चर्च व विद्यालय, तसेच नगराचे मुख्य चर्च यांचे अवशेष वाड्यांमधून आढळतात. एका लहान चॅपेलचे नाते परंपरेने संत फ्रान्सिस झेवियर यांच्याशी जोडले जाते. परंपरा सांगताना मार्गदर्शकाने ती परंपरा म्हणूनच सांगावी. समुद्राकडील दरवाजावर पोर्तुगालची राजचिन्हे कोरलेली आहेत. तेथून बाहेर पडले की काळसर वाळूचा किनारा आणि ओहोटीच्या वेळी तटाची भक्कम बाजू नजरेस पडते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून किनाऱ्याकडील टप्पा फेरीच्या आरंभी घ्यावा की अखेरीस, हे त्या दिवसाच्या भरतीवरून ठरवावे.

गोमंतकीय विद्वान डॉ. जर्सन द कुन्हा यांनी चौल व वसईच्या पुरावशेषांवरील आपला ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध केला. मार्गदर्शक होऊ इच्छिणाऱ्या युवकांनी तो अवश्य अभ्यासावा. दीडशे वर्षांपूर्वी काय उभे होते आणि आज काय उरले आहे याची तुलना केल्यास मन अस्वस्थ होते. येथील अवशेष केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. परंतु कायद्याचे संरक्षण आणि माणसांची आस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या भिंतींपाशी एके काळी मिस्साबलिदान अर्पण होत असे, तेथे आज एखाद्याने कोळशाने आपले नाव लिहून ठेवलेले दिसते.

चौल-रेवदंड्याचा परिसर एकट्या ख्रिस्ती समाजाचा नाही. येथे रामेश्वराचे प्राचीन मंदिर आहे, शितळादेवीचे स्थान आहे, दत्ताच्या डोंगरावर दत्तजयंतीला मोठी यात्रा भरते. बेने इस्रायल समाजाचे सिनेगॉगही रेवदंड्यात आहे. उत्तम मार्गदर्शक आपल्या गटाला या स्थळांपुढूनही आदराने नेईल आणि या सर्वांचा शेजार समजावून सांगेल.

सत्य सांगण्याचे धैर्य

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. पोर्तुगीज काळाची कथा कशी सांगावी ? केवळ भव्य चर्च आणि पराक्रमी कप्तान यांचेच वर्णन केले तर ते अर्धसत्य ठरेल. त्या राजवटीत अन्य धर्मीयांवर निर्बंध लादले गेले, गोव्याचे इन्क्विझिशन दीर्घकाळ चालले, तलवार आणि क्रूस यांची सांगड घातली गेली. याउलट सर्वच ख्रिस्ती इतिहास परक्यांचा म्हणून झटकून टाकणे हेही असत्यच. गोरगरिबांची सेवा करणारे धर्मगुरू, विद्यालये चालविणारे संन्यासी आणि सत्ता गेल्यावरही श्रद्धा जपणारे येथील शेतकरी हेदेखील याच इतिहासाचे भाग आहेत. इ.स. २००० च्या महाजुबिली वर्षी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या पुत्रांकडून घडलेल्या अपराधांबद्दल देवापाशी जाहीर क्षमायाचना केली होती. आपल्या मार्गदर्शकानेही तीच नम्रता बाळगावी. शेजारच्या हिंदू वा मुस्लिम बांधवासमोर जी कथा सांगताना संकोच वाटेल, ती आपल्या माणसांतही सांगू नये.

हंगेरीतील एगेर या नगराचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. १५५२ मध्ये इश्तवान दोबो यांच्या नेतृत्वाखाली तेथील किल्ल्याने तुर्की वेढा परतवून लावला. १५९६ मध्ये मात्र नगर तुर्कांच्या हाती गेले आणि १६८७ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. आज तेथे येणारा पाहुणा किल्ला पाहतो, एकोणिसाव्या शतकातील भव्य बॅसिलिका पाहतो आणि तुर्की काळातील सुमारे चाळीस मीटर उंचीचा मिनारही चढून पाहतो. एगेरवासीयांनी तो मिनार पाडला नाही. आपल्या नगराच्या कथेतील एक प्रकरण म्हणून तो जतन केला. नगर पायी दाखविणारे मार्गदर्शक आणि पाहुण्यांना घरी उतरवून घेणारी कुटुंबे यांमुळे अशा नगरांचा भूतकाळ तेथील लोकांच्या चरितार्थाचे साधन होतो. जी वास्तू चार घरांना भाकर देते, तिची भिंत कोणी सहसा खरवडू देत नाही.

कोर्लई : जिवंत वारसा

रेवदंड्याहून कुंडलिका खाडीवरील पूल ओलांडून साळावमार्गे कोर्लईला जाता येते. रेवदंड्यात आपण दगडांचा वारसा पाहतो. कोर्लईत तो माणसांच्या मुखी आहे. येथील कॅथलिक समाज आपसात जी भाषा बोलतो तिला क्रिस्ती म्हणतात. बोलणारे तिला प्रेमाने 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', असेही म्हणतात. तिचा शब्दसंग्रह मुख्यतः पोर्तुगीज आहे, परंतु वाक्याची घडण मराठीच्या सहवासाने पालटली आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या भाषेत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या अखेरीस जाते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या भाषेचा सखोल अभ्यास करून १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आहे.

१७४० मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली. राज्यकर्ते गेले, सैनिक गेले, चौलची चर्च ओस पडली. कोर्लईचे साधे शेतकरी मात्र आपल्या माउलीच्या चर्चभोवती राहिले. त्यांनी श्रद्धा सोडली नाही आणि भाषाही सोडली नाही. सुमारे पावणेतीनशे वर्षे ही भाषा कोणत्याही शाळेत न शिकविता, आईच्या मुखातून मुलाकडे आली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत लोकभाषा आली तेव्हा कोर्लईच्या वेदीवर मराठी आली. ते योग्यच झाले. पण मराठी शाळा, मुंबईची नोकरी आणि घरोघरी दूरदर्शन यांमुळे घरच्या भाषेचा वापर आता आकुंचित होत आहे. एखादी भाषा मरते तेव्हा तिच्याबरोबर प्रार्थना, अंगाई आणि लग्नगीतेही जातात.

म्हणूनच कोर्लईला जाणाऱ्या गटाची जबाबदारी अधिक आहे. पाहुण्यांनी गावात शिरताच भ्रमणध्वनी पुढे करून 'काहीतरी बोलून दाखवा' असे म्हणू नये. येथील वृद्ध माता म्हणजे संग्रहालयातील वस्तू नव्हेत. त्या आपल्याच ख्रिस्तसभेच्या भगिनी आहेत. पवित्र मिस्साला त्यांच्यासोबत बसावे, नंतर अंगणात दोन शब्द बोलावेत, त्यांच्या शेतीची व मुलाबाळांची विचारपूस करावी. ओळख झाली की गीत आपोआप येते. छायाचित्र परवानगीनेच घ्यावे.

गावाच्या पुढे दीपगृहाजवळून किल्ल्याची वाट चढते. डोंगराची उंची शंभर मीटरच्या आसपास आहे, तरी उन्हात ज्येष्ठांनी चढण्याचा हट्ट करू नये. वर एकामागून एक दरवाजे, पाण्याचे टाके, पोर्तुगीज शिलालेख आणि छप्पर हरपलेले लहानसे चर्च आहे. एका बाजूस अथांग समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कुंडलिकेचे मुख व पलीकडे रेवदंडा असे दृश्य दिसते. छप्पर नसले तरी ते प्रार्थनास्थळ होते याचे भान ठेवावे. तेथे जपमाळेचे एक दशक म्हणण्यास पाच मिनिटे पुरतात.

घरचा मुक्काम

ही भेट एका दिवसात उरकण्याजोगी नाही. पहिल्या दिवशी सकाळी रेवस, दुपारी चौल, सायंकाळी रेवदंड्याची फेरी आणि रात्री मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्लईला मिस्सा, गाव व किल्ला आणि मग परतीचा प्रवास. असा क्रम सोयीचा ठरतो. या किनाऱ्यावर नागावपासून पुढे वाड्यांमध्ये घरगुती निवासाची सोय करणारी अनेक कुटुंबे आहेत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची न्याहारी व निवास योजना अशा घरांसाठीच आहे आणि राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. आपल्या धर्मग्रामांतील ज्या कुटुंबांकडे एखादी मोकळी खोली आहे, त्यांनी रीतसर नोंदणी करून या मार्गाचा विचार करावा.

यासाठी थाटमाट लागत नाही. स्वच्छ शौचालय, पुरेसे पाणी, डासांपासून संरक्षण, धुतलेल्या चादरी आणि घरचे ताजे जेवण एवढे असले तरी पाहुणा समाधानाने जातो. तांदळाची भाकरी आणि मासळीचे कालवण यांची सर हॉटेलच्या पदार्थांना येत नाही. दर आधी स्पष्ट सांगावा, ओळखपत्राची नोंद ठेवावी, घरातील मद्यपान व गोंगाटाबद्दलचे नियम पाहुणा येण्यापूर्वीच कळवावेत. नंतर होणारा वाद त्याने टळतो. पाहुण्यांनीही घासाघीस करून यजमानाच्या कष्टांचे मोल कमी करू नये.

मार्गदर्शकाचे कामही असेच मानाचे समजले पाहिजे. एका गटात पंधराहून अधिक माणसे नसावीत, म्हणजे मागच्यालाही ऐकू जाते. वाडी खासगी मालकीची असेल तर मालकाची आगाऊ परवानगी घ्यावी. मानधन ठरलेले असावे. धर्मग्रामातील युवकांनी गावातील ज्येष्ठांकडून आठवणी लिहून घ्याव्यात, त्या ग्रंथांशी ताडून पाहाव्यात आणि मगच गटापुढे मांडाव्यात. हे काम उद्यावर ढकलण्याजोगे नाही. एक वृद्ध व्यक्ती देवाघरी गेली की एक अख्खे दफ्तर बंद होते.

२०२५ हे जुबिली वर्ष ख्रिस्तसभेने 'आशेचे यात्रेकरू' या ब्रीदाने साजरे केले. ते वर्ष संपले, परंतु यात्रा संपलेली नाही. त्यासाठी प्रत्येकाला रोमला किंवा पवित्र भूमीला जाणे परवडत नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. रेवसच्या धक्क्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर आपल्याच मातीतील श्रद्धावंतांनी पावणेतीनशे वर्षे तेवत ठेवलेली ज्योत आहे. येत्या नाताळच्या वा मे महिन्याच्या सुटीत आपल्या धर्मग्रामातील युवा गटाने, महिला मंडळाने किंवा एखाद्या कुटुंबाने ही वाट चालून पाहावी. जो सोबती एम्माउसच्या वाटेवर शिष्यांबरोबर चालला, तो या वाटेवरही आपल्याबरोबर चालो आणि संध्याकाळी ज्या घरी आपण उतरू, त्या घराला त्याचा आशीर्वाद लाभो, हीच प्रार्थना.